माळवदाखालचा नाकतोडा

मित्रांनो, गावात मला सगळे नाकतोडा म्हणतात. विमान म्हणत नाहीत, आणि त्यांचेही काही चुकत नाही. ज्याने धड आभाळ पाहिले नाही त्याला विमान कोण म्हणणार? माझ्या चारी बाजूंना दगडमातीच्या भिंती आहेत. डोक्यावर जाडजूड माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत आहे. दोन्ही पंखांना खेटून एकेक खांब उभा आहे. दार आहे, पण माणसालासुद्धा त्यातून वाकूनच यावे लागते. एक काळी कोंबडी रोज माझ्या चालकाच्या बैठकीत अंडे घालते आणि मग असा कलकलाट करते, जणू उडण्याचा पराक्रम तिनेच केला आहे. मी तिचे ऐकून घेतो. दुसरे करणार तरी काय?

माझा जन्म भिंगारचा. तिथल्या एका शाळेत दानीएल मास्तर मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवत. त्यांच्या पत्नी हन्नाबाई दवाखान्यात नर्स होत्या. पाथर्डीकडच्या खेड्यांत बायकांची बाळंतपणे करायला त्या जात. एसटी त्यांना फाट्यावर सोडी आणि पुढे नाल्याओढ्यांतून पायी चालत जावे लागे. एकदा त्या पोहोचल्या तेव्हा बाळंतीण गेली होती. घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, "रस्ता असता तर ती बाई वाचली असती."

मास्तरांनी त्यांचे ताट झाकून ठेवले. मग म्हणाले, "रस्ता होईल तेव्हा होईल, हन्ना. खळं तर प्रत्येक गावात आहे."

खळे तुम्हाला ठाऊक असेल. बाजरी-ज्वारीची कणसे मळायची गोल जागा. पाणी मारून, बैल फिरवून, शेणाने सारवून ती अशी घट्ट करतात की वरून चेंडू टाकला तर उसळावा. मध्यभागी एक लाकडी खांब असतो, त्याला तिवडा म्हणतात. बैल त्या तिवड्याला बांधतात आणि ते त्याच्याभोवती फिरत कणसे तुडवतात. मास्तरांच्या मनात आले की विमानाला लांबलचक धावपट्टी कशाला हवी? खळ्यावर सरळ उतरेल आणि खळ्यावरून सरळ वर जाईल असे विमान केले तर?

भिंगारवरून लष्कराचे हेलिकॉप्टर अधूनमधून जाई. तेही सरळच वर जाते. पण मास्तरांना ते पुरेसे वाटत नव्हते. ते वर्गातल्या मुलांना सांगत, "डोक्यावर हंडा घेऊन धावणारी बाई बघा. निम्मी ताकद हंडा पेलण्यात जाते, उरलेल्या ताकदीत ती किती धावणार? हेलिकॉप्टरचं तसंच आहे. पेट्रोल फार पितं आणि तरी हळू जातं." म्हणून त्यांनी मला दोन्ही दिले. वर चढायला पंखे आणि पुढे धावायला पंख. चढताना माझे दोन्ही पंखे आभाळाकडे तोंड करून फिरायचे. वर पोहोचलो की ते हळूहळू पुढे वळायचे. मग माझे वजन वारा पंखांवर पेलून धरी आणि पंख्यांची सगळी ताकद धावण्यासाठी मोकळी होई. ज्या सांध्यावर हे पंखे वळत त्याला मास्तर माझी मान म्हणत. ती मान करताना त्यांनी किती लोखंड वाया घालवले ते विचारू नका. एक वळेना, एक वळली ती परत येईना, एक वळता वळता तुटली. शेवटी जी झाली ती हाताच्या दोन बोटांनी वळे आणि ठेवली तिथे थांबे. मास्तर तिला तेल घालताना गुणगुणत असत.

माझे अंग सागाच्या पट्ट्यांचे आणि बांबूचे, त्यावर रोगण दिलेले मांजरपाट. इंजिन लष्कराच्या भंगारातले. मी दिसायला देखणा नव्हतो हे खरे. लांब पाय, मोठे डोके, मागे बारीक शेपूट. मला सुटा करून मालमोटारीने पाथर्डीकडे मास्तरांच्या मूळ गावी आणले तेव्हा लोक जमले आणि कोणीतरी म्हणाले, "आयला, नाकतोडा!" नाव पडले ते पडलेच.

मला ठेवले ते गहिनीनाथांच्या शेतात. गहिनीनाथ हे मास्तरांचे लहानपणचे सोबती. पाऊस नीट झाला नव्हता, पीक हाती लागले नव्हते आणि त्यांचे खळे रिकामे पडले होते. त्यांची बायको साळूबाई. बोलायला फटकळ, पण मायाळू. पहिल्याच दिवशी तिने माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मास्तर ख्रिस्ती माणूस, ते नुसते हसले.

"हसू नका, मास्तर," ती म्हणाली. "एवढं गाव बघून गेलं. दृष्ट काय यंत्राला लागत न्हाई व्हय?"

माझा पहिला प्रयोग त्या खळ्यावर झाला. मी भलतीकडे पळू नये म्हणून विहिरीच्या मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, माझ्या पोटाला बांधला आणि दुसरे टोक तिवड्याला. मास्तर बैठकीत बसले. इंजिन सुरू झाले. खळ्यावरचा भुसा उडाला, बायकांनी पदर तोंडावर घेतले आणि मित्रांनो, माझे पाय सुटले. जमीन खाली राहिली. बाभळीचा शेंडा माझ्या समोर आला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मला आजही नीट सांगता येत नाही. मग मास्तरांनी माझी मान थोडी पुढे वळवली. मी पुढे निघालो आणि नाडा ताणला. पुढे जाता येईना म्हणून मी तिवड्याभोवती गोल गोल फिरू लागलो.

"मास्तर!" गहिनीनाथ खालून ओरडले. "तुमचा नाकतोडा मळनी करतुया!"

सगळे पोट धरधरून हसले. मला राग आला नाही. मान वळली होती, मी पुढे गेलो होतो, एवढे मला पुरे होते. मास्तर उतरल्यावर माझ्या पंखावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वेळी नाडा नाही."

पण पुढच्या वेळेआधी एका शेळीने माझी शेपटी खाल्ली. रोगण लावलेले कापड तिला कसे रुचले ते तिचे तिला माहीत. वाऱ्याने धूळ इंजिनात जाई, पोरे पंखांना लोंबकळत. तेव्हा मास्तरांनी आणि गहिनीनाथांनी खळ्याभोवती भिंती घालायचे ठरवले. गवंडी म्हणाला, "दार क्येवढं ठिवू? ह्ये निघायला पाहिजे ना?"

मास्तर म्हणाले, "सरळ वर जाणाऱ्याला दार कशाला? माणूस आत जाईल एवढं ठेवा. वर पत्रे टाकू. जायच्या वेळी चार माणसं पत्रे उचलतील आणि हा निघून जाईल."

त्या वेळी हे सगळ्यांना फार शहाणपणाचे वाटले. मलाही वाटले. एवढ्याशा दाराकडे बघून मी मनात हसत असे. दारे चालणाऱ्यांसाठी असतात, माझ्यासाठी आभाळ आहे, असा माझा तोरा होता.

उन्हाळ्यात मास्तरांना विषमज्वर झाला. ते भिंगारला अंथरुणाला खिळले. इकडे वळवाचे वादळ आले आणि एक पत्रा उडून माझ्या डाव्या पंखावर पडला. कापड टरकले. साळूबाई धावत आली. तिने सुई-दोरा आणला आणि ते कापड शिवले. अगदी बारीक टाके घातले. मग वर बघून म्हणाली, "पत्र्याखाली लेकरू भाजतंय. पाऊस आला तर भिजंल. मास्तर बिचारं आजारी. ह्याच्याकडं बघायचं कुणी?"

गहिनीनाथ म्हणाले, "मग काय करावं म्हनतीस?"

"माळवद घालायचं. आपल्या घरासारखं. आभाळ फाटलं तरी थेंब गळनार न्हाई."

आणि तिने ते घातले. लाकूड विकत कुठून आणणार? तिने स्वतःच्या घराच्या निम्म्या भागाचे माळवद उतरवले. तिथले लाकडी सर आणि तुळया काढून माझ्यावर आणल्या. त्यावर फळ्या, फळ्यांवर पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यांच्या वर पांढरी माती. ती माती ओढ्यापलीकडून तिने डोक्यावरून वाहिली आणि लाकडी बडवण्याने बडवून बडवून घट्ट केली. माळवदाचा भार पेलायला माझ्या पंखांजवळ दोन खांब रोवले. एकेक पत्रा निघाला तसे वरचे आभाळ मला मोठे होत गेलेले दिसले आणि एकेक तुळई बसली तसे ते लहान होत गेले. शेवटची फट बुजली तेव्हा मी आत अंधारात होतो आणि वरून साळूबाईच्या बडवण्याचा आवाज येत होता. किती मायेने ती बडवत होती! मला ओरडावेसे वाटत होते की बाई, थांब, तू मला गाडते आहेस. पण यंत्राला तोंड कुठे असते?

आणि मित्रांनो, तुम्हाला ठाऊक असेल, त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. विहिरी आटल्या, गुरे छावणीत गेली, गहिनीनाथ पाझर तलावाच्या कामावर माती उपसायला जाऊ लागले. ज्या थेंबासाठी माझ्यावर माळवद आले तो थेंब आलाच नाही.

मास्तर बरे होऊन आले तेव्हा काठी टेकत होते. ते वाकून दारातून आत आले आणि वर बघतच राहिले. त्यांच्या पाठोपाठ साळूबाई आली. तिच्या तोंडावर असा आनंद होता की काय सांगू!

"बघा मास्तर! तुमच्या माघारी लेकरू उघडं पडू दिलं न्हाई."

मास्तरांनी खाली बघितले. तिच्या तळहातांवर घट्टे पडले होते. निम्मे घर उघडे झाले होते.

"बरं केलंत, वहिनी," ते म्हणाले.

ती गेल्यावर ते माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "दिवाळीनंतर काढू रे. आत्ता तिचं मन नको मोडायला." मी त्या शब्दावर दिवस काढले.

दिवाळी झाली आणि साळूबाईची लेक लंका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. निम्म्या घरावर छप्पर नाही, उरलेल्या घरात गुरांचा उरलासुरला चारा आणि माणसे. थंडीचे दिवस. गावात सगळ्यात उबदार, वाऱ्याला बंद जागा कोणती? माझी! मग माझ्या पंखाखाली बाज टाकली. हन्नाबाई आल्या आणि त्यांनी भर दुपारी, माझ्यासमोर, ते बाळंतपण केले. दिवस पुरे भरले नव्हते. मुलगी झाली, मूठभर. तिचे रडणे मांजराच्या पिल्लासारखे होते. तिला कापसात गुंडाळून आईच्या पोटाशी ठेवले आणि बाजेखाली शेगडी पेटवली. बाळंतिणीला सव्वा महिना खोलीबाहेर काढायचे नाही, वारा लागू द्यायचा नाही, ही इथली रीत. अंधार, धूर, शेपा-बाळंतशेपांचा वास. आम्ही तिघेही त्या खोलीत कोंडलेले होतो. फरक इतकाच की त्या दोघींना बाहेर निघायचा दिवस ठरलेला होता.

आणि नेमके तेव्हाच साहेब आले.

विमानांवर काम करणाऱ्या एका खात्यातले ते मोठे अधिकारी. कामासाठी भिंगारच्या लष्करी छावणीत आले होते. मास्तरांनी त्यांना गाठले आणि माझे सगळे सांगितले. साहेब भला माणूस. म्हणाले, "सरळ वर जाऊन पुढे वळतं? आमची माणसं याच वळण्यावर अडली आहेत. मला डोळ्यांनी दाखवा. पटलं तर मी विमान घेऊन जातो, पुढचं काम आमच्याकडे करू." दुसऱ्याच दिवशी ते जीपने मास्तरांबरोबर आले. संध्याकाळी त्यांना परतायचे होते.

खोलीच्या बाहेर सगळे उभे राहिले. मी आतून एकेक शब्द ऐकत होतो. तुम्हीच सांगा, माझा जीव कसा झाला असेल!

"माळवद उतरवायला किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारले.

"धा मानसं लावली तर दोन घटकांत उतरवतो," गहिनीनाथ म्हणाले. "पर आत बाळंतीन हाय."

मग साळूबाईचा आवाज आला. तो नेहमीसारखा फटकळ नव्हता. "मास्तर, मला काय ठावं, हे असं अडंल म्हनून. मी पोरीला गुरांच्या छपरात हलवती. तुमी माळवद काढा."

आत लंका बाजेवर उठून बसली. "व्हय मास्तर, मी जाती. ह्याला वर जाऊ द्या."

मी मनात ओरडत होतो, ऐका तिचे! फोडा! एक दिवसाचा तर प्रश्न आहे!

मास्तर हन्नाबाईंकडे बघत असणार. कारण त्या म्हणाल्या, "पोरीचं वजन फार कमी आहे. अंगात ऊब टिकत नाही. छपरात वारं आरपार जातं. मी नको म्हणेन. पण तुम्ही इतकी वर्षं..."

मास्तर उंबऱ्यापाशी आले. ते म्हणाले, "साहेब, बाळंतिणी वाचाव्यात म्हणून हा केला. त्याच्यासाठी बाळंतिणीला वाऱ्यावर काढायची नाही."

"मला पुन्हा येणं जमेल असं वाटत नाही," साहेब म्हणाले.

"कळलं मला."

लंकेने तोंडाला पदर लावला. मी काय केले असते? माझ्या पंखाखाली ती मूठभर पोर झोपली होती. तिचा मला राग आला नाही असे मी म्हणत नाही. आला. पण तिला जांभई आली आणि तिचे एवढेसे तोंड उघडले तेव्हा तो राग धरून ठेवणे मला जमले नाही.

साहेब वाकून आत आले. बाळंतिणीकडे पाठ करून त्यांनी कंदिलाच्या उजेडात माझी मान पाहिली. दोन बोटांनी वळवली. पुन्हा वळवली. मग मास्तरांना म्हणाले, "सुटं केलं तरी हे विमान या दारातून निघणार नाही. मान निघेल. मला द्याल?"

मास्तरांनी पाना घेतला. मित्रांनो, ते हात मी ओळखत होतो. एकेक बोल्ट सुटला. माझी मान त्यांनी काढली, रुमालाने पुसली, थोडे तेल घातले. गहिनीनाथांनी आपला पटका सोडून तिच्याभोवती गुंडाळला, आणि ज्या दाराला मी हसत होतो त्याच दारातून ती निघून गेली. माझे पंखे दोरी सुटल्यासारखे खाली लोंबले. इंजिनही नंतर मास्तरांनी शाळेत नेले.

ती पोर जगली. साळूबाईने तिचे नाव कृपा ठेवले, हन्नाबाईंच्या मानासाठी; हन्ना या नावाचा अर्थच कृपा. सव्वा महिना झाला, मायलेकी बाहेर पडल्या. माळवद मात्र राहिले. आता ते काढून तरी काय उपयोग होता? खोलीत कडबा आला, मग बी-बियाणे आले, मग ती कोंबडी आली. सुरुवातीला लोक मला बघायला येत. मग वाकायचा कंटाळा करू लागले.

त्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात कृपा आजोळी आली होती. ती चालायला लागली होती आणि माझ्या पंख्याला लोंबणारी एक दोरी ओढत बसली होती. एकाएकी दुरून आवाज आला. आधी जड, एका जागी घुमणारा. मग तो आवाज बदलला. पातळ झाला आणि पुढे सरकू लागला. तो बदल मी कसा विसरेन? पंखे आभाळाकडून पुढे वळतात तेव्हाच तो आवाज येतो. माझी मान वळत होती. कोणत्या तरी मोठ्या, लोखंडी, देखण्या अंगावर बसून माझी मान वळत होती, आणि ते अंग धावत आमच्या शिवारावरून निघाले होते.

"आलं! आलं गं बया!" साळूबाई अंगणात ओरडली. मास्तरांच्या निरोपावरून ती वाटच बघत होती. गहिनीनाथ धावले, गडी धावले. कृपाने दोरी टाकली आणि दुडदुडत बाहेर पळाली. माझ्याजवळ कोणी उरले नाही. आवाज बरोबर माझ्या डोक्यावरून गेला. माझ्यामध्ये आणि त्याच्यामध्ये हातभर पांढरी माती होती.

बाहेर साळूबाई लोकांना सांगत होती, "त्याची मान आमच्या घरची हाय, म्हाईत हाय का? आमच्या खळ्यावरची!" मग आवाज विरला. माणसे पांगली. थोड्या वेळाने ती वाकून आत आली. कोंबडीला हाकलले. माझ्याकडे बघत उभी राहिली. वर माळवदाकडे बघितले, पुन्हा माझ्याकडे बघितले. मग माझ्या पंखावर, तिनेच घातलेल्या टाक्यांवर हात ठेवला.

"तुला बी जायचं हुतं, व्हय रं?" ती म्हणाली.

मित्रांनो, मला घडवणाऱ्यांनी, जपणाऱ्यांनी, बघायला येणाऱ्यांनी, कोणीही तोवर मला हे विचारले नव्हते. तिच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते तिने पुसलेही नाही. मला तिच्यावर रागावता येईना. जगात माझ्यावर तिच्याइतकी माया कोणीच केली नाही.

तुमच्याही घरी असे कोणी असेल. एखादे यंत्र असेल, पाखरू असेल, धाकटी बहीण असेल. त्याला ऊन लागू नये, पाऊस लागू नये असे तुम्हाला वाटेल, आणि वाटलेच पाहिजे. पण त्याच्यावर तुळई चढवण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुला कुठे जायचे आहे? साळूबाईने मला विचारले तेव्हा माझ्याजवळ मान उरली नव्हती. नाहीतर मी ती हलवून तिला हो म्हणालो असतो.